गॉटहार्ड खिंड रस्त्याने किंवा रेल्वेने ओलांडताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

झुरिकहून मिलानचं तिकीट काढलं, खिडकीशी जागा मिळवली, कॅमेरा हातात घेतला. आणि एर्स्टफेल्ड स्टेशन मागे पडल्यावर गाडी बोगद्यात शिरली नि वीस मिनिटं काचेत स्वतःचाच चेहरा दिसत राहिला. स्वित्झर्लंडहून परतलेल्यांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते. गाडीने जाणाऱ्यांची तक्रार जवळपास तीच, फक्त काळोख रस्त्याच्या बोगद्यातला. खरं तर गॉटहार्ड, म्हणजे आल्प्समधली ही खिंड, बघायला वेळ जास्त लागत नाही आणि खर्चही फार वाढत नाही. चूक होते ती आरक्षणाच्या वेळी, घरी बसल्या बसल्या. म्हणून या लेखाचा बराचसा भाग प्रवासाआधीच्या गोष्टींचा आहे.

## टप्पा 1: कोणत्या मजल्यावरून जायचं ते ठरवा

गॉटहार्ड ओलांडण्याच्या वाटा एकावर एक अशा तीन मजल्यांवर आहेत, असं समजा.

तळमजला. 57 किलोमीटरचा पायथ्याचा रेल्वे बोगदा, 2016 पासून सुरू. उत्तरेला एर्स्टफेल्ड, दक्षिणेला बोडिओ. सर्वांत उंच ठिकाणीही हा मार्ग समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवरच असतो, म्हणजे डोंगर चढायचा प्रश्नच येत नाही. झुरिक, लुसर्नकडून लुगानो, मिलानला जाणाऱ्या जलद गाड्या इथूनच धावतात.

मधला मजला. साधारण 1,150 मीटर उंचीवर दोन बोगदे शेजारी शेजारी आहेत. 1882 चा 15 किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा आणि 1980 चा जवळपास 17 किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा. दोन्हींची तोंडं गोशेनेन आणि आइरोलो या गावांशी. रेल्वेने जात असाल तर हा मजला सोनं आहे, कारण बोगद्यापर्यंत पोचण्यासाठी गाडी वळणं घेत चढते आणि पलीकडे तशीच उतरते. मोटारीने जात असाल तर हा फक्त बोगदा.

वरचा मजला. प्रत्यक्ष खिंड, सुमारे 2,100 मीटर. इथे रेल्वे नाही. मोटार, बस, सायकल किंवा पायी, तेही फक्त बर्फ नसलेल्या महिन्यांत.

तुमच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'गॉटहार्डमार्गे' लिहिलं असेल तर सहल कंपनीला थेट विचारा: कोणत्या मजल्यावरून? लुसर्नहून इटलीकडे निघालेल्या ग्रुप टूरच्या बस बहुधा बोगद्यातून जातात. चालकाच्या कामाच्या तासांवर युरोपात कायद्याची मर्यादा असते, त्यामुळे 'जरा वरून घ्या ना' ही विनंती ऐन वेळी मान्य होणं कठीण.

सावधान, नावांचा गोंधळ: सेंट गॉटहार्ड, सान बर्नार्डिनो आणि ग्रेट सेंट बर्नार्ड या तीन वेगळ्या खिंडी आहेत, वेगळ्या भागांत. नकाशात नाव टाकताना पहिली सुचवणी डोळे झाकून निवडू नका. गॉटहार्ड म्हणजे उत्तरेला उरी हा जर्मनभाषी कँटन (म्हणजे स्विस राज्य) आणि दक्षिणेला तिचिनो हा इटालियनभाषी कँटन. तिचिनोकडच्या पाट्यांवर हिचंच नाव 'सान गोत्तार्दो' असतं.

दुसरा गोंधळ ग्लेशियर एक्सप्रेस या पर्यटन रेल्वेचा. ती खिंडीच्या उत्तरेकडच्या आंडरमाट गावी थांबते, पण पूर्व-पश्चिम धावते. गॉटहार्ड ती ओलांडत नाही. तिचं तिकीट काढून 'गॉटहार्ड झालं' म्हणणारे बरेच आहेत.

## टप्पा 2: तारीख आधी, हॉटेल नंतर

मधला आणि तळाचा मजला बारा महिने चालू असतो. वरची खिंड साधारण मे अखेर किंवा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुली असते. नक्की तारीख दरवर्षी बर्फावर ठरते. एप्रिल-मेच्या शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्या आपल्या बहुतेक कुटुंबांना खिंड बंदच मिळते, हे आधीच लक्षात घ्या. मे महिन्यात जायचं असेल तर रेल्वेचा मधला मजला धरून बेत आखा. खिंड उघडी सापडली तर बोनस.

गर्दीच्या तारखा वेगळ्या बघाव्या लागतात. ईस्टर, त्यानंतरच्या असेन्शन आणि पेंटेकॉस्टच्या जोडसुट्ट्या आणि उन्हाळ्यातले शनिवार, या दिवशी रस्त्याच्या बोगद्यासमोर कित्येक किलोमीटरची रांग लागते. कारण साधं आहे. महामार्ग दोन्ही दिशांना दोन-दोन मार्गिकांचा, आणि बोगद्यात दोन्ही दिशांना मिळून एकच नळी, म्हणजे प्रत्येक बाजूला एक मार्गिका. दुसरी नळी खोदण्याचं काम सुरू आहे.

तपासा: निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आंडरमाट आणि आइरोलो, दोन्हींचं हवामान वेगवेगळं बघा. ही डोंगररांग हवामानाची सीमा आहे. उत्तरेला पाऊस आणि दक्षिणेला लख्ख ऊन, किंवा नेमकं उलट, हे नेहमीचंच. एकाच गावाचा अंदाज बघून बेत रद्द करू नका.

## टप्पा 3: कागदपत्रं आणि सामान

रेल्वेने जाणाऱ्यांनी पासपोर्ट हाताशी ठेवावा, इतकंच. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत नाही. त्यामुळे इटलीच्या हद्दीवर कियासोला तपासणी होऊ शकते. आणि जाता जाता: तूप, पेढे, बर्फी असे भारतातून नेलेले दुधाचे पदार्थ या देशांत नेता येत नाहीत. चिवडा आणि भाकरवडीवर भागवा.

गाडी चालवणार असाल तर यादी थोडी मोठी आहे.

1. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. आपल्या आरटीओत फॉर्म 4-अ भरून मिळतो, मुदत एक वर्ष. भाड्याची गाडी देणारे तो बहुधा मागतात, आणि सोबत मूळ भारतीय परवानाही लागतो. नुसती छायाप्रत किंवा मोबाइलमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका.

2. विन्येट. स्विस महामार्गासाठी लागणारा वार्षिक कर, किंमत 40 फ्रँक. एका दिवसासाठीचा स्वस्त प्रकार नाही. काचेवर चिकटवायचा स्टिकर असतो, आणि 2023 पासून इलेक्ट्रॉनिकही मिळतो. स्वित्झर्लंडमध्ये भाड्याने घेतलेल्या गाडीला तो लावलेला असतो. मिलान किंवा म्युनिकहून घेतलेल्या गाडीला बहुधा नसतो, आणि नेमका इथेच घोळ होतो. इलेक्ट्रॉनिक विन्येट गाडीच्या क्रमांकाला जोडलेलं असतं. भाड्याच्या गाडीचा क्रमांक चावी हातात पडल्यावरच कळतो, म्हणून पुण्यात बसून आधीच विकत घेण्याची घाई नको. स्विस सीमाशुल्क विभागाच्याच संकेतस्थळावरून घ्या. वरचे पैसे लावणारी मध्यस्थ संकेतस्थळं बरीच आहेत. विन्येटशिवाय सापडलात तर 200 फ्रँक दंड, शिवाय विन्येटची किंमत वेगळी.

3. मुलांची आसनं. 12 वर्षांखालील आणि 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य आसन सक्तीचं. गाडी आरक्षित करतानाच सांगा.

4. इटलीत जाण्याची परवानगी. भाडेकरारात सीमा ओलांडण्याचा उल्लेख असावा. विमा त्याच्यावर अवलंबून असतो.

5. गरम कपडे डिकीत नव्हे, सीटवर. जुलैतही खिंडीवर वारा बोचरा असतो. लुगानोला अर्ध्या बाह्यांत फिरणारी माणसं वर दहा मिनिटांत गाडीत परत येऊन बसतात.

गॉटहार्डच्या बोगद्यासाठी किंवा खिंडीसाठी वेगळा टोल नाही. माँ ब्लां आणि ग्रेट सेंट बर्नार्डच्या बोगद्यांना आहे. कुणी 'टोल भरावा लागला' म्हणालं तर ते बहुधा दुसरीकडूनच गेलेले असतात.

## टप्पा 4: रेल्वेने जाताना

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने रेल्वेच घ्यावी, आणि तीही जुनी डोंगरी वाट. गाडी चालवणारा माणूस दरीकडे बघू शकत नाही, बघूही नये.

1. बरोबर गाडी शोधा. हवी ती गाडी 'ट्रेनो गोत्तार्दो'. झ्युडओस्टबान ही रेल्वे कंपनी 2020 च्या डिसेंबरपासून ती झुरिक आणि बाझेलहून लोकार्नोपर्यंत चालवते. डबे तांब्याच्या रंगाचे, त्यामुळे फलाटावर चुकत नाही. स्विस रेल्वेच्या ॲपमध्ये नुसतं 'झुरिक ते लुगानो' टाकलं की वर जलद गाड्या येतात, कारण ॲपला तुमची घाई गृहीत धरायला शिकवलेलं आहे. 'मार्गे' या रकान्यात गोशेनेन टाका. लुगानोला जायचं असेल तर बेलिंझोनाला गाडी बदला.

तपासा: पैसे भरण्याआधी थांब्यांची यादी उघडा. गोशेनेन आणि आइरोलो ही दोन्ही नावं दिसली तरच ही डोंगरी वाट. दिसली नाहीत तर तुम्ही तळमजल्यावर आहात.

2. तिकिटाचा प्रकार बघा. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर काळजी नाही, गाडीत बसा. सवलतीचं 'सुपरसेव्हर' तिकीट मात्र ठरावीक गाडीलाच बांधलेलं असतं. जलद गाडीचं सुपरसेव्हर घेऊन डोंगरी गाडीत चढलात तर ते तिकीट नसल्यासारखंच.

3. पॅनोरमा एक्सप्रेसशी गल्लत करू नका. गॉटहार्ड पॅनोरमा एक्सप्रेस ही वेगळी पर्यटन गाडी. लुसर्नहून फ्ल्युएलेनपर्यंत बोट आणि तिथून लुगानोपर्यंत मोठ्या काचांची रेल्वे. ती हंगामातच चालते, रेल्वेत फक्त पहिला वर्ग असतो, आणि पास असला तरी आरक्षणाचे जादा पैसे पडतात. दुसऱ्या वर्गाचा पास असेल तर फरकही भरावा लागतो. रूळ मात्र दोन्हींचे तेच. बोटीचं आकर्षण असेल तर लुसर्न-फ्ल्युएलेन बोट वेगळी घ्या (पावणेतीन तासांच्या आसपास लागतात) आणि फ्ल्युएलेनहून साध्या गाडीत चढा. खिशाला हेच परवडतं.

4. खिडकी कोणती? उजवी की डावी, यावर लोक हुज्जत घालतात. वासेन गावाचं पांढरं चर्च तीन वेळा तीन उंचींवरून दिसतं, कारण रूळ त्या गावाभोवती दोनदा उलटे फिरतात. एकदा गाडी दक्षिणेला, मग उत्तरेला, मग परत दक्षिणेला. म्हणजे कुठलीही एक बाजू पुरत नाही. रिकामा डबा शोधा आणि एर्स्टफेल्डनंतर बाजू बदलायची तयारी ठेवा. सामान रॅकवर, बाटली बॅगेत, हात मोकळे.

5. क्रम लक्षात ठेवा. एर्स्टफेल्डला चढ सुरू होतो. गुर्टनेलेननंतर पहिला वर्तुळाकार बोगदा, फाफेनश्प्रुंग. गाडी डोंगराच्या पोटात पूर्ण गोल फिरून आधीच्या वाटेच्या वर बाहेर येते. लगेच वासेन. चर्च पहिल्यांदा तुमच्या वर असतं, दुसऱ्यांदा जवळपास समोर, तिसऱ्यांदा खाली. मग गोशेनेन आणि मुख्य बोगदा.

इथे बहुतेक जण कॅमेरा ठेवून डुलकी काढतात. ही मोठी चूक. आइरोलोनंतरचा उतार चढाइतकाच भरलेला आहे. दाझिओ ग्रांदेच्या घळीत दोन वर्तुळाकार बोगदे, मग फाइडो, मग बियास्किनाच्या उतारावर आणखी दोन. त्या ठिकाणी आपण आत्ताच सोडलेले रूळ वरच्या कड्यावर आणि थोड्याच वेळात लागणारे रूळ खाली दरीत, असे एकदमच दिसतात. डोक्यावरून महामार्गाचा 100 मीटरच्या आसपास उंचीचा पूल जातो. जॉर्निकोनंतर दरी रुंदावली, द्राक्षमळे आले, की मग खुशाल झोपा.

6. आंडरमाटला वाकडी वाट. वेळ असेल तर गोशेनेनला उतरा. शेजारच्या फलाटावरून माटरहॉर्न गॉटहार्ड रेल्वेची दातेरी रुळांची छोटी गाडी शोलेनेनच्या घळीतून आंडरमाटला चढते. पंधरा मिनिटांच्या आतबाहेर लागतात. घळीतच सैतानाचा पूल आहे, पण गाडीतून तो क्षणभरच दिसतो. बघायचाच असेल तर आंडरमाटहून पायी उतरून या.

उन्हाळ्यात आंडरमाटहून पिवळी पोस्टबस (स्विस टपाल खात्याची प्रवासी बस) थेट खिंडीवरून आइरोलोला उतरते. म्हणजे मोटार न चालवताही वरचा मजला बघता येतो, आणि आइरोलोहून पुढे परत ट्रेनो गोत्तार्दो. फेऱ्या मोजक्याच. आधी बसची वेळ बघा, मग तिच्या हिशेबाने सकाळची रेल्वे ठरवा. उलट केलंत तर खिंडीवर दोन-तीन तास ताटकळाल. जागा आधी नोंदवावी लागते का, तेही त्याच वेळी बघून घ्या.

## टप्पा 5: मोटारीने, बोगद्यातून

ए-2 महामार्ग धरला की हा मार्ग सोपा आहे, म्हणून थोडक्यात. स्वित्झर्लंडमध्ये महामार्गाच्या पाट्या हिरव्या आणि इतर मुख्य रस्त्यांच्या निळ्या. जर्मनीहून येणाऱ्यांची इथे गफलत होते, कारण तिथे महामार्ग निळा. दिवसाही दिवे लावणं सक्तीचं आहे.

बोगद्यात वेगमर्यादा ताशी 80, ओव्हरटेकिंग नाही, समोरून वाहनं येत असतात. 2001 मध्ये इथे दोन ट्रकांच्या टकरीनंतर आग लागून 11 जण गेले. तेव्हापासून ट्रक अंतर राखून सोडले जातात आणि नियम कडक आहेत. शिरण्याआधी गॉगल काढा, रेडिओ लावा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. गाडी बिघडली तर आपत्कालीन जागेत घ्या आणि तिथल्या एसओएस फोनवरूनच बोला, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्यांना लगेच कळतं. धूर दिसला तर किल्ली गाडीतच ठेवून बाजूच्या निवाऱ्याच्या दाराकडे चालत जा. वळवून परत फिरण्याचा विचारही नको.

सावधान: रांग लागली म्हणून महामार्ग सोडून वासेन-गोशेनेन गावांतून पुढे घुसू नका. गर्दीच्या दिवसांत तिथले महामार्गावर चढायचे रस्ते बंद ठेवतात, आणि तुम्ही गावातच अडकता. वाहतुकीची माहिती 163 या क्रमांकावर मिळते. रांग फारच लांब असेल आणि तुम्ही अजून उत्तरेला दूर असाल, तर ए-13 वरून सान बर्नार्डिनोची वाट धरा. ती वळणावळणाची आहे, पण चालत राहते.

## टप्पा 6: मोटारीने, खिंडीवरून

1. नकाशाला सक्तीने वर पाठवा. आइरोलो नुसतं टाकलंत तर नकाशा बोगद्यातच नेणार. मधले थांबे द्या: गोशेनेन, आंडरमाट, होस्पेंटाल, मग खिंडीचा माथा, मग आइरोलो. महामार्गावरून गोशेनेनला बाहेर पडायचंय. ते चुकलं की पुढे थेट बोगदा, आणि मग 17 किलोमीटरपर्यंत दुसरा पर्याय नाही.

2. पायथ्याची पाटी वाचा. चढ सुरू होण्याआधी खिंड उघडी की बंद हे पाटीवर लिहिलेलं असतं. जर्मन 'ऑफन' किंवा इटालियन 'आपेर्तो' म्हणजे उघडी. 'गेश्लोसन' किंवा 'किउझो' म्हणजे बंद. सप्टेंबरअखेरीही एका रात्रीत बर्फ पडून ती बंद होऊ शकते.

3. चढ. होस्पेंटालनंतर रस्ता रुंद आणि चांगला आहे. चढणाऱ्याला प्राधान्य, उतरणाऱ्याने थांबायचं, हा आपल्या घाटातला जुना शिरस्ता इथेही चालतो. पण निळ्या पाटीवर पिवळं पोस्टहॉर्न (टपालाच्या शिंगाचं चित्र) दिसलं तर तो पोस्टबसचा रस्ता, तिथे बसला वाट द्यायची आणि तिचा चालक सांगेल ते ऐकायचं. वळणाआड तीन सुरांचा भोंगा ऐकू आला की ती आलीच. आपण मात्र प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत जाऊ नये. मागे गाड्या साचल्या तर थांब्यावर बाजूला व्हा. मोटारसायकलवाले तुमचे आभारच मानतील.

4. माथा. तळी, जुनं हॉस्पिस (वाटसरूंची पूर्वीची धर्मशाळा), संग्रहालय आणि खडकात कोरलेला पूर्वीचा लष्करी किल्ला, सासो सान गोत्तार्दो. किल्ल्याच्या आत बाहेरच्यापेक्षाही गारठा असतो. तो बघायचा तर दोन तास हाताशी हवेत. नसतील तर तळ्याभोवती चक्कर मारा आणि निघा.

5. नवा रस्ता की ट्रेमोला? दक्षिणेला उतरायला दोन वाटा. नव्या रस्त्याने सरळ पाट्यांप्रमाणे जाता येतं. ट्रेमोला हा जुना रस्ता, ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचा, 24 तीव्र वळणांचा. फोटोत दिसते ती वळणांची माळ हीच, आणि पाट्यांच्या मागे मुकाट गेलात तर ती तुम्हाला लागणारच नाही. माथ्यावरच ट्रेमोलाची पाटी शोधा. मुख्य रस्ता उघडा म्हणून ट्रेमोलाही उघडा असं नसतं, तेही बघा.

सावधान: चिरे ओले असले की घसरतात. पाऊस किंवा धुकं असेल तर नवा रस्ता घ्या. मोठी व्हॅन असेल तर कोरड्या दिवशीही नवाच घ्या. रस्ता अरुंद आहे आणि सायकलवाले भरपूर. फोटोसाठी वळणावर थांबू नका. वळणांची माळ वरून बघायला नव्या रस्त्यावरची थांबण्याची जागा जास्त सोयीची, कारण ट्रेमोलावर असताना ट्रेमोला दिसत नाही.

6. उतार. ऑटोमॅटिक गाडी 'डी'मध्ये ठेवून सतत ब्रेक दाबत उतरणं, ही भाड्याच्या गाडीतली सर्वांत सामान्य चूक. मॅन्युअल मोड किंवा खालचा गिअर घ्या, इंजिनलाच गाडी रोखू द्या. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्या, वर पाणी ओतू नका. मदत लागली तर रस्त्यावरच्या बिघाडासाठी 140, अपघातासाठी 112.

आइरोलोला पोचल्यावर पुन्हा ए-2 मिळतो. तिथून बेलिंझोनापर्यंत महामार्ग उतरत जातो, रस्ता सरळ होतो आणि वेग नकळत वाढतो. इथे कॅमेरे आहेत आणि दंड भाडे कंपनीमार्फत, तिचं शुल्क लावून, भारतातल्या पत्त्यावर येतो. कियासोच्या हद्दीच्या आत टाकी भरायची की इटलीत, ते त्या दिवसाचे भाव बघून ठरवा.